कायदा कुणी करायचा? बाबासाहेबांचा शोध आणि सातपुड्यातील अपवाद

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि नवापूर हे चार तालुके पूर्णतः, तर शहादा आणि नंदुरबार हे दोन तालुके अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी अशा समाजांचा हा मुलूख. देशाच्या अन्य भागांत संसदेने किंवा विधिमंडळाने संमत केलेला कायदा आपोआप लागू होतो. सातपुड्याच्या या पट्ट्यात मात्र राज्यपाल एका अधिसूचनेने तो रोखू शकतात किंवा फेरबदल करून लागू करू शकतात. संसदीय लोकशाहीत कायदा करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकडे असताना एका व्यक्तीच्या हाती इतकी सत्ता का सोपविली गेली, हा प्रश्न विचारला की वाट थेट घटना समितीपर्यंत आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते.

बाबासाहेबांच्या चरित्रातील सामाजिक लढे मराठी वाचकाला सुपरिचित आहेत. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा, नागपूरची दीक्षाभूमी ही त्या जीवनाची ठळक स्थळे. परंतु १९२७ पासून १९५६ पर्यंत, काही खंड वगळता, हा माणूस कोणत्या ना कोणत्या सभागृहात किंवा सरकारात बसून कायदे घडवीत होता, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. नियुक्त सदस्य, विरोधी पक्षाचा नेता, सभागृहाला जबाबदार नसलेल्या सरकारातील सदस्य, लोकनियुक्त सरकारातील मंत्री आणि अखेरीस राज्यसभेचे सभासद अशा पाच भूमिकांतून त्यांनी कायद्याचा जन्म पाहिला. कायदा कोणत्या पद्धतीत अधिक न्याय्य होतो, याविषयीचे त्यांचे मत पुस्तकांइतकेच या अनुभवांतून तयार झाले आणि वेळप्रसंगी बदललेही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले भीमराव १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील तीन वर्षांत अमेरिकेची अध्यक्षीय व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली. तेथे अध्यक्ष स्वतः विधेयक मांडू शकत नाही. त्याचे मंत्री काँग्रेसचे सभासद असू शकत नाहीत. काँग्रेसने संमत केलेले विधेयक अध्यक्षाने परत पाठविले, तर दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने ते पुन्हा संमत करावे लागते. कायदा करणारे आणि तो राबविणारे परस्परांपासून वेगळे ठेवलेले, आणि दोघांच्याही हाती दुसऱ्याला अडविण्याचे साधन. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथील अभ्यासाच्या काळात त्यांना याच्या उलट व्यवस्था दिसली. ब्रिटनमध्ये मंत्रिमंडळ संसदेतूनच निघते, संसदेतच बसते, बहुतेक विधेयके तेच मांडते, आणि सभागृहाचा विश्वास गमावला तर त्याच दिवशी पायउतार होते.

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार त्या वेळी द्विदल राज्यपद्धती होती. काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे, तर महत्त्वाची खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले. वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात महारांकडून जी अमर्याद राबणूक करून घेतली जाई, तिला आळा घालणे हा त्याचा हेतू. विधेयक समितीकडे गेले, तेथे त्याची बरीच मोडतोड झाली आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. सरकारच्या पाठिंब्याविना एकट्या सभासदाचे विधेयक किती दूर जाते, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडा १९३७ मध्ये मिळाला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांत जबाबदार मंत्रिमंडळे आली. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब मुंबई विधानसभेत बसले आणि समोर बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. तरीही ते विधेयक कायद्यात उतरले नाही. खोती रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये झाला. त्याच सभागृहात १९३८ मध्ये औद्योगिक कलहासंबंधीच्या विधेयकाला त्यांनी कसून विरोध केला, ७ नोव्हेंबरला कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. परंतु बहुमत सरकारकडे होते आणि विधेयक संमत झाले. संसदीय पद्धतीत ज्याचे बहुमत त्याचाच कायदा, हे सत्य त्यांनी विरोधी बाकावरून अनुभवले.

याच १९३५ च्या कायद्यात आजच्या नंदुरबार जिल्ह्यापुरता एक वेगळा अध्याय होता. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. शहादा, नंदुरबार आणि तळोदा हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली व नवलपूर येथील मेहवासी जहागिरदारांची गावे अंशतः वर्जित क्षेत्र म्हणून जाहीर झाली होती. या क्षेत्रात विधिमंडळाचा कोणताही कायदा गव्हर्नरने अधिसूचना काढल्याखेरीज लागू होत नसे. मुंबईत खेर मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार होते, पण अक्राणीच्या डोंगरात कोणता कायदा चढेल हे ठरविण्याची किल्ली गव्हर्नरकडे होती. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने दिलेला अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. सावकारी, वेठबिगार आणि हातची जमीन निसटणे यांचे जे चित्र त्यात आहे, ते पाहता गव्हर्नरच्या या खास संरक्षणाने आदिवासींचे फारसे रक्षण झाले नव्हते, हे स्पष्ट होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि चार वर्षे त्या पदावर राहिले. हे मंडळ मध्यवर्ती विधानसभेला जबाबदार नव्हते. सभागृह त्याला प्रश्न विचारू शके, त्याचा पराभव करू शके, परंतु पदावरून हटवू शकत नसे. गरज पडली तर व्हाइसरॉय वटहुकूम काढीत. कोळसा खाणकामगारांच्या कल्याण निधीची सुरुवात १९४४ मध्ये वटहुकूमानेच झाली. अभ्रक खाणींतील कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा आणि कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती ही १९४६ मधील फळे. विरोधी बाकावर दहा वर्षांत जे साधले नाही ते सरकारात चार वर्षांत साधले. ज्याला सभागृह हटवू शकत नाही असे सरकार दुर्बलांच्या बाजूचा कायदा अधिक निर्धास्तपणे करू शकते, असे वाटण्याजोगा हा अनुभव होता.

त्याचे प्रतिबिंब १९४७ च्या आरंभी दिसते. अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी बाबासाहेबांनी एक निवेदन तयार केले. राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मसुद्यात त्यांनी ब्रिटिश धर्तीचे मंत्रिमंडळ नाकारले आहे. पंतप्रधानाची निवड संपूर्ण सभागृहाने करावी, अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या प्रतिनिधींनी निवडावेत आणि विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत मंत्रिमंडळाला हटविता येऊ नये, अशी ती योजना होती. अमेरिकेतील स्थिर कार्यकारी सत्ता आणि सभागृहात बसून उत्तरे देणारे ब्रिटिश मंत्री यांचा हा मेळ होता. त्यामागची भीती स्पष्ट होती. ब्रिटनमधील बहुमत राजकीय असते, आज एका पक्षाचे तर उद्या दुसऱ्याचे. भारतातील बहुमत जन्माने ठरलेले, म्हणून कायमचे असेल, आणि अशा बहुमताच्या मंत्रिमंडळाने केलेले कायदे अल्पसंख्याकांच्या वाट्याला फक्त आज्ञा म्हणून येतील, असे त्यांना वाटत होते.

घटना समितीने मात्र वेगळा निर्णय घेतला. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील संघराज्य घटना समितीने संसदीय पद्धतीची शिफारस केली. बाबासाहेब या समितीचे सदस्य होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्ष. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना त्यांनी दोन पद्धतींची जी तुलना केली, ती आजही या विषयावरील सर्वांत नेमकी मांडणी मानावी लागेल. लोकशाहीतील कार्यकारी सत्तेकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते, स्थैर्य आणि उत्तरदायित्व. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही. अमेरिकी आणि स्विस व्यवस्था स्थैर्य अधिक देतात; ब्रिटिश व्यवस्था उत्तरदायित्व अधिक देते. अमेरिकेत सरकारची झडती ठरावीक मुदतीने, निवडणुकीत होते. संसदीय पद्धतीत ती प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास प्रस्ताव यांच्याद्वारे रोज होते, शिवाय निवडणुकीतही होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला पसंती दिली आहे, असा त्या विवेचनाचा निष्कर्ष होता.

डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी सत्तांच्या पूर्ण विभाजनासाठी दुरुस्ती सुचविली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. आधुनिक राज्याचे कायदे इतके गुंतागुंतीचे झाले आहेत की, ते राबविणारे मंत्री सभागृहात हजर नसतील तर सभासदांना मार्गदर्शन मिळणे कठीण होईल, आणि खुद्द अमेरिकेतही या कडेकोट विभाजनाविषयी असमाधान आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती फेटाळली गेली. सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी न हटविता येणाऱ्या मंत्रिमंडळाचा पुरस्कार करणारे बाबासाहेब आता रोज उत्तर द्यावे लागणाऱ्या मंत्रिमंडळाचे समर्थक झाले होते. सभागृहाने स्वीकारलेल्या तत्त्वांची चौकट त्यांच्यावर होती, हे खरे. परंतु मूलभूत हक्क आणि राखीव जागा यांच्या रूपाने बहुमताला घटनेतच वेसण मिळाली होती, हेही तितकेच खरे.

मग आदिवासी मुलखाचे काय? येथे बाबासाहेबांची बाजू तपासून पाहावी लागते. १९४५ मधील आपल्या एका योजनेत त्यांनी आदिम जमातींना कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाच्या विभागणीतून वगळले होते. त्यांच्यात राजकीय जाणीव अद्याप पुरेशी विकसित झालेली नाही, असे कारण त्यांनी दिले होते. अस्पृश्यांच्या बाबतीत असे विधान दुसऱ्या कुणी केले असते तर ते बाबासाहेबांनी सहन केले नसते, असे आजच्या वाचकाला वाटल्यास नवल नाही. घटना समितीत ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने वर्जित क्षेत्रांची पाहणी केली आणि तिच्या शिफारशींवरून पाचव्या अनुसूचीचा पहिला मसुदा तयार झाला. त्यात जमाती सल्लागार परिषदेला वजन होते. परिषदेने सल्ला दिल्यास विशिष्ट कायदा लागू न करण्याचे आदेश राज्यपालांनी द्यायलाच हवेत, अशी ती रचना होती.

सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी नवी पाचवी अनुसूची सभागृहापुढे ठेवली, तेव्हा ही रचना बदललेली होती. निर्णय राज्यपालांच्या हाती आला. परिषदेकडे सल्ला देण्याचे काम उरले. छोटानागपूरचे प्रतिनिधी आणि १९२८ च्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग यांनी परिषदेचे दात काढून घेतल्याची तक्रार केली. अनुसूची तरीही संमत झाली. एक महत्त्वाची गोष्ट मात्र उलटी झाली होती. ब्रिटिश काळात गव्हर्नरने सांगेपर्यंत कायदा लागू होत नसे. नव्या घटनेत राज्यपालांनी रोखेपर्यंत तो लागू होणार होता. सातपुड्यातील माणूस देशाच्या कायद्याबाहेरचा राहिला नाही. त्याच्यासाठी अपवाद करण्याची सोय मात्र राहिली. जमिनीचे हस्तांतरण आणि सावकारी यांवर बंधने घालणारे विनियम करण्याचा अधिकारही राज्यपालांना मिळाला. त्यासाठी परिषदेशी विचारविनिमय आणि राष्ट्रपतींची अनुमती आवश्यक ठरली.

संसदीय पद्धतीची निवड करणाऱ्या बाबासाहेबांना तिचा सर्वांत कडू अनुभव मंत्री म्हणूनच आला. हिंदू कोड बिल १९४७ च्या एप्रिलमध्ये सभागृहात आले होते. एप्रिल १९४८ मध्ये ते प्रवर समितीकडे गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे रखडले. विधेयक सरकारचे, मांडणारा कायदामंत्री, पंतप्रधानांचा पाठिंबा, सभागृहात सत्ताधारी पक्षाचे प्रचंड बहुमत. तरीही ते पुढे सरकत नव्हते, कारण विरोध त्या बहुमताच्या पोटातच होता. सप्टेंबर १९५१ मध्ये कलमवार चर्चा सुरू झाली आणि चार कलमांपलीकडे गेली नाही. त्याच सुमारास राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी या विधेयकाबाबत स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागण्याचा हक्क सांगणारे पत्र पंतप्रधानांना लिहिले. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत असा अभिप्राय दिला. अमेरिकी अध्यक्षाचा नकाराधिकार भारताच्या राष्ट्रपतींना नाही, हे अशा रीतीने पहिल्याच मोठ्या प्रसंगी स्पष्ट झाले. परंतु विधेयक वाचले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

१९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. राज्यसभेचे सभासद म्हणून ते अखेरपर्यंत संसदेत राहिले. हिंदू कोडाचे तुकडे करून सरकारने चार कायदे केले. विवाह कायदा १९५५ मध्ये, वारसा आणि पालकत्वाचे कायदे १९५६ मध्ये आणि दत्तक व निर्वाहाचा कायदा डिसेंबर १९५६ मध्ये. या शेवटच्या कायद्यापूर्वीच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले होते.

या कायद्यांतही सातपुड्यासाठी एक अपवाद आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज ते अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. ज्या विधेयकातील स्त्रियांच्या हक्कांसाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्यातून निघालेला वारसा कायदा धडगाव किंवा मोलगीच्या आदिवासी मुलीला म्हणूनच आपोआप हक्क देत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हा अपवाद दूर करण्याचा विचार करावा, असे केंद्राला सुचविले. रूढीचे रक्षण आणि स्त्रीची समानता यांतील हा पेच कोणत्याही एका अधिसूचनेने सुटण्याइतका सोपा नाही.

पाचव्या अनुसूचीचा अनुभवही असाच संमिश्र आहे. आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा मोठा कायदा राज्यपालांच्या विनियमाने झाला नाही; तो विधिमंडळाने १९७४ मध्ये केला. त्याआधीची काही वर्षे शहादा-तळोदा परिसर अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या भूमिमुक्तीच्या आंदोलनाने ढवळून निघाला होता. रस्त्यावरचा प्रश्न सभागृहात पोहोचावा आणि सरकारला उत्तर द्यावे लागावे, ही संसदीय पद्धतीची अपेक्षा तेथे बऱ्याच अंशी पूर्ण झाली. उलट २०२० मध्ये वनहक्क कायद्यातील जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली. वनदावा फेटाळला गेलेल्या कुटुंबासाठी ती मोलाची होती. हा अधिकार राज्यपालांनी स्वविवेकाने वापरावा की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, याविषयी मात्र कायदेपंडितांत मतभेद आहेत.

१९८० च्या दशकात बॅ. अंतुले आणि वसंत साठे या महाराष्ट्राच्या नेत्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला होता. अस्थिर आघाड्यांच्या काळात तो विचार अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो. त्यांच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येईल की, बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली रोजची झडती पुढे सैल झाली. स्वातंत्र्यानंतर खासगी सभासदांची अवघी १४ विधेयके कायद्यात उतरली आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्वच धोक्यात येऊ लागले. महार वतनाचे किंवा खोतीचे विधेयक घेऊन उभा राहणारा एकटा सभासद आज अधिकच एकटा आहे.

तथापि बाबासाहेबांचे आयुष्य एका पद्धतीच्या विजयाची कथा सांगत नाही. सभागृहाला जबाबदार नसलेल्या सरकारात त्यांनी चांगले कायदे केले, आणि सभागृहाला जबाबदार सरकारात त्यांचा सर्वांत प्रिय कायदा अडला. तरीही घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांनी उत्तरदायित्वाच्या बाजूने कौल दिला, कारण चांगला राज्यकर्ता लाभेल या भरवशावर त्यांना दुर्बलांचे भवितव्य सोडायचे नव्हते. सातपुड्यातील अपवादाचा निकषही तोच असायला हवा. राज्यपालांची अधिसूचना निघते किंवा निघत नाही, याचा जाब विचारण्याची जागा अक्राणीच्या माणसाला मिळते काय? जमाती सल्लागार परिषदेच्या हातून १९४९ मध्ये जे निसटले, ते नेमके हेच होते.